निकाल नववीच्या पटावरून मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम' अशा बातम्यांची रांग लागते. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढतो, पेढे वाटले जातात, संस्थेचे अध्यक्ष मुख्याध्यापकांना शाल घालतात. एकतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले. त्या पेढ्यांतला वाटा मीही घेतला आहे. पण हे शंभर टक्के कितीपैकी, हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मार्च २०२५ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांनी पहिला, नागपूर ९०.७८ टक्क्यांनी शेवटचा. हे आकडे नियमित विद्यार्थी म्हणून शाळेतून फॉर्म भरून परीक्षेला बसलेल्या मुलांचे असतात. नववीत असताना ज्याचं नाव पटावरून गळलं, तो या हिशोबात कुठेच नसतो. ज्याला १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला, तो खासगी विद्यार्थी होतो. त्याचा निकाल मंडळ वेगळा सांगतं आणि तो शाळेच्या नावावर चढत नाही.

हे कसं घडतं ते मी जवळून पाहिलं आहे. एप्रिलअखेर नववीचे निकाल तयार होत होते. माझ्या वर्गाची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर होती आणि काही नावांपुढे पेन्सिलीचे ठिपके होते. ठिपका म्हणजे हे मूल दहावीला आपल्या शाळेतून बसवायचं नाही. त्यातल्या एका मुलाची आई दुसऱ्या दिवशी आली. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर, म्हणून तीच आली होती. तिला सांगण्यात आलं, "पोराला वर घातलंय, पण दाखला घेऊन जा. इथं दहावी त्याला झेपायची नाही." तिनं विचारलं, "मग पोरगं पास हाय का नापास?" तिला कुणी उत्तर दिलं नाही. वर्गशिक्षिका म्हणून दाखला मीच लिहिला. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं. तिनं एकेक अक्षर जोडत सही केली. जी विनंती तिनं केलीच नव्हती, तिच्याखाली. त्या मुलाला गणितात पस्तीस पडत नव्हते हे खरं. पण ते पडावेत म्हणून माझ्या हातात अजून एक अख्खं वर्ष होतं, आणि ते त्याला द्यायची माझी जबाबदारी होती. पुढच्या वर्षी आमचा निकाल शंभर टक्के लागला.

यात शाळाच तेवढ्या दोषी आहेत असं म्हणून चालणार नाही. विषयाचा निकाल घसरला की शिक्षकाकडे खुलासा मागतात. पालक प्रवेशाच्या वेळी फ्लेक्सवरचा आकडा बघतात. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, पटावर होते, त्यामुळे मूल पटावर हवं असतं, निकालात मात्र नको असतं. असं दोन्हीकडून ओढलं गेल्यावर कच्चं मूल नववीच्या शेवटी वाऱ्यावर सुटतं.

आता जरा हिशोब करू. एका शाळेत नववीला ६० मुलं होती, दहावीला ३८ बसवली, ३८ उत्तीर्ण. निकाल शंभर टक्के. शेजारच्या गावातही नववीला ६० होती, दहावीला ५८ बसवली, ४६ उत्तीर्ण. निकाल ७९.३१ टक्के. सत्कार पहिल्या शाळेचा होतो आणि दुसरीला नोटीस जाते. पण नववीच्या पटाला भागा. पहिलीनं शंभरातली त्रेसष्टच मुलं पार नेली, दुसरीनं सत्याहत्तर. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी संध्याकाळी थांबून जादा तास घेतले असतील, तर त्याची नोंद आजच्या मोजणीत कुठेच होत नाही.

मोजण्याची रीत बदलली की आकडा किती हलतो हे आपण २०१९ साली पाहिलं. भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण त्या वर्षी नव्हते, तर आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल थेट ७७.१० वर आला. अंतर्गत गुण परत आल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० झाला. एवढ्यात मुलांच्या बुद्धीत काही फरक पडला नव्हता.

अमेरिकेत शाळा जिल्ह्यांचं यश मोजताना नववीत दाखल झालेल्या मुलांपासून सुरुवात करतात आणि त्यांतली किती जणं चार वर्षांत पदवीपत्र घेऊन बाहेर पडली ते बघतात. नव्यानं आलेलं मूल मिळवायचं, दुसऱ्या शाळेत गेलेलं वजा करायचं, पण तिकडे दाखल झाल्याचा कागद हातात असेल तरच. कागद नसेल तर ते मूल तुमच्याच खात्यात राहतं. २०१०-११ पासून तिथल्या राज्यांना हीच पद्धत लावली आहे. आकडे सजवल्याच्या तक्रारी तिथेही झाल्या, पण मूल निदान मोजणीतून अदृश्य होत नाही.

आपल्याकडे हे करायला नवं काही उभारावं लागणार नाही. राज्याच्या 'सरल' या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत प्रत्येक विद्यार्थ्याचा आयडी आहे, केंद्राच्या यू-डायस या शाळा-माहितीच्या नोंदीतही तो आहे. नववीतलं मूल पुढे कुठल्या शाळेत गेलं, की कुठेच गेलं नाही, हे आयडीवरून काढता येतं. ऊसतोडीला गेलेली, किंवा पंधराव्या वर्षीच लग्न लावून दिलेली मुलगी शाळेच्या चुकीनं गळली असं मी म्हणणार नाही. तरी ती गळली हे लिहिलं गेलं पाहिजे, तरच तिच्या दारापर्यंत कुणी जाईल. मंडळानं शाळानिहाय निकालासोबत त्या तुकडीचा नववीचा पट छापावा. जिल्हा परिषदेनं आणि संस्थांनी सत्कार करताना तोच आकडा बघावा. कमी गुणांची मुलं घेऊन त्यांना पस्तीसच्या पुढे नेणाऱ्या शाळेलाही एकदा शाल मिळू द्या.

एक विनंती आपल्यालाही आहे. पुढच्या निकालाच्या दिवशी आपले वार्ताहर शाळांना फोन करतील, तेव्हा टक्केवारीच्या आधी एवढंच विचारावं: आदल्या वर्षी नववीच्या हजेरीपटावर किती नावं होती? उत्तर येईल ते शाळेच्या नावासमोर तसंच छापावं.

– एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, जि. सांगली