रिपोर्टवर एक ओळ मराठीत लिहा

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला अधूनमधून धडधड व्हायची, म्हणून जिल्ह्याच्या गावी नेऊन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. कागदावर ‘मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स’ असं आलं. ‘झडप खराब आहे’ एवढंच सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली गेली. गावात पोहोचेपर्यंत त्या झडपेचं ‘पोरीच्या काळजाला भोक आहे’ झालं होतं. जमत आलेली सोयरीक तिथेच मोडली.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी मलाच स्टेथोस्कोप कानाला लावायला दिला. ठोक्यांच्या मध्ये बारीक ‘टक्’ ऐकू आलं. पडद्यावर झडपेची पाळी वाळत घातलेल्या लुगड्यासारखी मागे फुगताना दिसली. आम्हा शेतकऱ्यांना हे समजायला अवघड नाही. विहिरीतल्या मोटारीचा फुटवॉल चढलेलं पाणी परत खाली येऊ देत नाही; हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये ही झडप तेच काम रक्तासाठी करते. तिची पाळी थोडी सैल असली तरी रक्त परत जात नसेल, तर बिघडलं काय? शंभरात दोन-तीन जणांना हे असतं. बहुतेकांना औषधही लागत नाही. सांगितलेल्या मुदतीत तपासणी केली की झालं.

मात्र गळती जास्त असेल, चालताना दम लागत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर थांबू नये. अशी झडप ऑपरेशनने दुरुस्त होते.

आणखी एक घोळ मी आमच्याकडे पाहिला. लहानपणी घसा दुखून सांधे सुजतात, त्या संधिवाताच्या तापाने झडप बिघडते, तो आजार वेगळा. त्यात दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ‘झडपेचं काही नसतं’ असं ऐकून कुणी ते बंद केलं, तर लेकराच्या जिवावर बेतेल. म्हणून नेमका कोणता आजार, हे विचारूनच घरी यावं.

डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती आहे, रिपोर्टखाली मराठीत एवढंच लिहा: गळती आहे का, किती आहे, पुन्हा कधी यायचं. माझ्या मुलीच्या कागदावर ‘माइल्ड’, म्हणजे सौम्य, हा शब्द पहिल्या दिवसापासून होता. तो आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही.

— एक शेतकरी पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ