बाक बसवला, पण बोल्ट कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्याकडे रत्नागिरीत घराजवळच्या बागेत तीनेक वर्षांपूर्वी सहा बाकं आली, बिडाचे पाय आणि वर लाकडी पट्ट्या, दिसायला एकदम छान. बाबांचं वय ७८, गुडघे दुखतात, मधे दोनदा टेकायला मिळालं तरच ते शेवटच्या टोकापर्यंत जाऊन समुद्र बघून येतात. गेल्या श्रावणात ते बसले आणि खालची पट्टीच सुटली. बाकाचा हात धरला म्हणून वाचले, पण नंतर पंधरा दिवस घराबाहेर पडायला तयार नव्हते.

मी जाऊन बघितलं तर लाकूड ठणठणीत होतं, गेला होता तो बोल्ट. साधा लोखंडी, वॉशर नाहीच, डोकं नुसतं बोटाने उचललं तर हातात आलं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, बाकी दिवस खारा वारा, इथे साधं लोखंड कसं टिकणार सांगा? इथे ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टीलच लागतं, खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ नंबरच्या स्टीलवर पण गंजाचे डाग पडतात. महाग पडतं हो, पण एका बाकाला बोल्ट लागतात किती!

तक्रार दिली, पोच मिळाली, पुढे काही नाही. शेवटी दिवाळीनंतर आम्ही चौघांनीच तो बाक दुरुस्त केला. पट्ट्या काढल्या, बिडाचा गंज तारेच्या ब्रशने घासला, रेड ऑक्साईड मारून वर ऑइल पेंट, लाकडाला बेलतेलाचे (म्हणजे उकळलेल्या जवस तेलाचे) दोन हात, आणि पट्टीची कापलेली टोकं असतात ना तिथे जास्त तेल पाजलं कारण पाणी सगळ्यात आधी तिथूनच आत शिरतं. (तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, उलगडून बाहेर मोकळ्या हवेत, सावलीत वाळवा.) जोडताना सगळे नट आधी हातानेच लावले, बाक सपाट जागेवर ठेवून डुगडुगत नाही ना बघितलं आणि मगच पाना फिरवला. एक बाजू आधी आवळली की दुसरीकडची भोकं जुळतच नाहीत, हे आमचं पहिल्यांदा झालंच.

माझी मागणी एवढीच की बाकाच्या टेंडरमध्येच चांगले बोल्ट आणि दर मे महिन्यात एकदा देखभाल लिहून घ्या. नट आवळायचे, तेलाचा हात द्यायचा, पायाशी साचलेला पालापाचोळा काढायचा, एका माणसाचं एका बाकाला तासाभराचं काम आहे. बाक नसला तर म्हातारी माणसं चालायला येणंच सोडतात, हे मी घरात बघितलंय.

बाबा आता परत जातात, पण फक्त त्या एकाच बाकावर बसतात. उरलेल्या पाचांसाठी बोल्ट आणून ठेवलेत, परवानगी मिळाली की लगेच लावतो.

– एक वाचक, रत्नागिरी