शिक्षा संपली, पण यादीतलं नाव कुठे गेलं?

महोदय,

जेलरोडला राहणाऱ्या आम्हा लोकांना नाशिकरोड कारागृहाची भिंत रोजचीच. गणपतीच्या आधी बंद्यांनी घडवलेल्या मूर्तींचं सगळे कौतुक करतात. पण तिथून शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाने मत द्यावं का, असं विचारलं की त्याच लोकांचे चेहरे बदलतात.

आमच्या गल्लीतला एक वेल्डर सात वर्षं आत होता. २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानादिवशी, मी त्याला म्हटलं, चल केंद्रावर. तर म्हणतो, "काकू, आम्हाला कुठलं आलंय मतदान?" यादी पाहिली. आई, भाऊ, वहिनी, सगळ्यांची नावं होती, याचंच नव्हतं. पडताळणीला आलेल्याला कुणीतरी 'तो आत आहे' म्हणून सांगितलं असावं.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) म्हणतं की तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही. पण तेवढ्यावरून त्याचं मतदार असणं संपत नाही, हेही २०१३ पासून त्याच कलमात लिहिलेलं आहे. सुटल्यावर तो मत देऊ शकतो. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटकेनंतर सहा वर्षांची बंदी असते ती निवडणूक लढवण्यावर. चांगली शिकलेली माणसंही इथे गल्लत करतात.

ज्यांच्या घरात गुन्हा घडला, त्यांचा राग मला कळतो. पण शिक्षा किती हे कोर्टाने ठरवलं आणि ती त्याने पुरती भोगली. आता नळाला पाणी आलं नाही तर त्याच्याही घरी येत नाही, त्याची मुलगी महापालिकेच्याच शाळेत जाते. मग नगरसेवक निवडताना त्याला का वगळायचं?

कच्च्या कैद्यांचं तर आणखी वाईट. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत शंभरातले पंचाहत्तरहून जास्त कैदी कच्चे होते. गुन्हा सिद्ध झालेला नाही, जामीन मिळालेला नाही, म्हणून मत नाही. मात्र तुरुंगातून निवडणूक लढवायला त्यांना मुभा आहे! त्यांना मत देता यावं यासाठी कायदाच बदलावा लागेल.

सुटलेल्यांसाठी तेवढंही नको. सुटकेच्या दिवशी बंद्याच्या हातात त्याचं सामान आणि कामाचे साठलेले पैसे देतात. त्याच टेबलावर यादीत नाव आहे का ते बघून, नसेल तर नाव नोंदवायचा नमुना ६ चा अर्ज भरून घ्यावा. कारागृह प्रशासन आणि जिल्हा निवडणूक कार्यालयाने मनावर घेतलं, तर पुढच्या आठवड्यापासून हे सुरू होऊ शकतं.

– एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड