नवीन ताई येण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, एक तारखेपासून घरकामाला नवीन ताई येणार आहेत. पहिल्यांदाच कुणाच्या घरी काम करणार आहेत. तू दोन दिवस येऊन त्यांना सगळं शिकवून जा ना." मी नाही म्हटलं तेव्हा तू हिरमुसलास, ते आवाजावरून कळलं. नातवाला बघायला मी एका पायावर तयार आहे रे. पण हे काम तुझं आहे. मी शिकवलं तर त्या माझी पद्धत शिकतील, आणि मी परत फिरले की तुमच्या घरात पुन्हा नव्याच. वर त्यांच्या मनात बसेल की कामाचं काही विचारायचं तर आईंना, आणि आई तर इथे नाहीत. म्हणून येण्याऐवजी लिहिते आहे. एकतीस वर्षं मी लोकांच्या घरी काम केलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं नव्याने कामाला लागणाऱ्या बायकांना शिकवण्यात गेली. तुझ्या शाळेतलं काही मला तुला शिकवता आलं नाही. हे येतं.

आधी तुमचं दोघांचं ठरू दे. सूनबाईला घेऊन बस आणि वहीत लिहून काढ. कोणती कामं, कोणत्या दिवशी, किती वाजता यायचं, किती वाजता निघायचं, आणि कोणती कामं त्यांची नाहीत. हे शेवटचं लिहायला लोक विसरतात आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते. "जाता जाता एवढी चादर धुऊन टाका", "आज पाहुणे आहेत, जरा थांबा" असं करत करत दोन तासांचं काम साडेतीन तासांवर जातं, पगार मात्र दोन तासांचाच राहतो. यादी झाली की ती सगळी कामं दोन दिवस तू स्वतः कर, घड्याळ लावून. केर, लादी, भांडी, कपडे, बाथरूम, सगळं. तुला जेवढा वेळ लागेल त्याहून कमी वेळात त्यांनी करावं असं निदान पहिला महिना तरी म्हणू नकोस. पलंगाखाली वाकताना कंबर कुठे धरते तेही तुला कळेल, आणि मग लांब दांड्याचा पोछा त्या मागायच्या आधी तूच आणशील.

आणि सांगणारा एकच असू दे. एका घरी बाईसाहेब म्हणायच्या ओल्या फडक्याने पुसा, साहेब म्हणायचे लाकूड खराब होतं, कोरडंच वापरा. मी सकाळी ओलं वापरायचे आणि साहेब उठायच्या आत सुक्याने पुन्हा पुसायचे. वर्षभर तेच कपाट रोज दोनदा पुसलं. तुमच्यात मतभेद असतील तर ते रात्री मिटवा, त्यांच्या फडक्यावर नको.

पहिल्या दिवशी काम सांगू नकोस. रजा काढ आणि त्यांना घर दाखव. पाण्याचा मुख्य कॉक कुठे, विजेचं मेन स्विच कुठे, गॅसचा रेग्युलेटर कसा बंद होतो, आतून कडी लागली तर दार कसं उघडायचं. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू असेल ते बंदही करायचं नाही, रेग्युलेटर फिरवायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाळाला घेऊन बाहेर पडायचं. हे नुसतं सांगू नकोस, रेग्युलेटर त्यांच्या हाताने फिरवून घे. मग त्यांची पिशवी कुठे ठेवायची, दमल्या तर कुठे बसायचं, प्यायचं पाणी कुठून घ्यायचं ते दाखव.

आणि संडास दाखव. "हा तुम्हीही वापरायचा" असं स्पष्ट शब्दांत सांग. तुला हे आता सांगते आहे, तेव्हा कधी बोलले नव्हते. मी जी बाथरूम रोज घासायचे तिथे जायची मला कुणी मनाई केली नव्हती, पण जा असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि विचारायची लाज वाटायची. म्हणून सकाळी घरून निघताना पाणीच प्यायचे नाही. दुपारी डोकं ठणकायचं, लघवीला जळजळ व्हायची. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नाही? मला उत्तर देता आलं नाही. एका वाक्यात सुटणारी गोष्ट होती. ते वाक्य तू बोल.

आता शिकवण्याचं. "नीट पुसा" हे शिकवणं नव्हे. प्रत्येक घराचं नीट वेगळं असतं. तू फडकं भिजव, पिळ, त्यांच्या हातात दे आणि म्हण, एवढं ओलं. मग लादीवरून एक हात फिरव आणि दाखव की पाण्याची रेघ उमटली तर फडकं अजून पिळायला हवं. पुसलेली जागा मिनिटा-दोन मिनिटांत सुकली की ओलावा बरोबर. सोप्याकडून अवघडाकडे जा. वरून खाली यायचं, म्हणजे आधी पंखा आणि कपाटं, मग ओटा, शेवटी जमीन. आधी कोरडं झटकायचं, मग ओलं पुसायचं. संडास-बाथरूमचं फडकं आणि स्वयंपाकघराचं फडकं वेगवेगळ्या रंगाचं घे आणि वेगवेगळ्या खुंटीवर टांग, म्हणजे घाईतही चूक होत नाही. एका दिवसात एकच खोली. आधी तू करून दाखव, मग त्यांना करू दे आणि तू जवळ उभा राहा, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर सोपव. पाठीमागे उभं राहून सारखं टोकू नकोस. हात थरथरतो आणि वस्तू फुटते.

आणखी एक. "समजलं का?" असं विचारायचं नाही. नवीन माणूस याला कायम हो म्हणतं. मीही म्हणायचे. वर्गात मी हा प्रश्नच बंद केला होता. त्याऐवजी म्हण, "मशीन मला लावून दाखवता का?" दाखवताना जिथे हात अडेल तिथेच शिकवायचं राहिलंय. आणि तिथे "आत्ताच तर सांगितलं" म्हणू नकोस. पुन्हा दाखव, पहिल्यांदा दाखवतोयस अशा आवाजात.

बाटल्यांविषयी मात्र मी थोडं जास्त लिहिणार आहे. कामाला लागून मला तिसराच आठवडा असेल. बाईसाहेब बाहेर जाताना म्हणाल्या, बाथरूम अगदी पांढरंशुभ्र झालं पाहिजे. कोपऱ्यात दोन बाटल्या होत्या. एक कपड्यांचं ब्लीच, एक संडास साफ करायचं ॲसिड. मला वाटलं, एकाने एवढं निघतं तर दोन्हींनी दुप्पट निघेल. दार लावलं, कारण पाणी बाहेर जाऊ नये असं सांगितलेलं. आधी एक ओतलं, त्यावर दुसरं. फसफस झाली आणि वास असा चढला की घसा आवळला. डोळ्यांतून पाणी, श्वास आत जाईना. दाराची कडी मला चाचपडत शोधावी लागली. बाहेर येऊन पायऱ्यांवर किती वेळ खोकत बसले होते कोण जाणे. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. त्या पायऱ्यांवर माझ्या डोक्यात एकच होतं, तुला शेजारच्या काकूंकडून कोण आणणार.

ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, हे मला फार वर्षांनी कळलं. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणाबरोबरही ब्लीच मिसळायचं नाही, त्यानेही विषारी वायू होतो. व्हिनेगरही नको, तेही ॲसिडच. आता तू काय करायचंस ते बघ. घरात शक्यतो एकच जालीम बाटली ठेव. दुसरी ठेवलीस तर वेगळ्या कपाटात. बाटलीवर लिहिलेलं त्यांना वाचता येतं का हे सगळ्यांसमोर विचारू नकोस, त्यापेक्षा तूच मोठी खूण कर, लाल पट्टी बाथरूमसाठी, निळी लादीसाठी. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत ही सफाईची औषधं ओतून ठेवायची नाहीत, तुझ्याकडे आता रांगतं होणारं लेकरू आहे. हातमोजे त्यांच्या मापाचे आण. आणि वापरताना खिडकी उघडी, दार उघडं. पाणी बाहेर आलं तर येऊ दे.

फुटण्याबद्दलही पहिल्याच दिवशी बोल. माझ्या हातून एकदा काचेचा जग फुटला. आधीच्या महिन्यात कपाचे पैसे पगारातून कापले होते, म्हणून मी घाबरले. भराभर केर गोळा केला, काचा कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत लपवल्या आणि काही झालंच नाही असं दाखवलं. संध्याकाळी त्या घरातल्या लहान मुलीच्या तळव्यात तुकडा घुसला. पोर माझ्याकडे बघून रडत होती आणि मी तिचा पाय धरून बसले होते. तो तुकडा मला दिसला नव्हता असं नाही बाळा, मी बघायला थांबलेच नाही. म्हणून सांग, "फुटलं तर पैसे कापणार नाही. फक्त आधी मला हाक मारा, आणि बाळाला त्या खोलीतून बाहेर न्या." मग काचा कशा उचलायच्या ते दाखव. पायात चप्पल, मोठे तुकडे हातमोज्यांनी, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपायचा, सगळं खोक्यात बंद करून वर काच असं लिहायचं, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.

बाळाचं काम त्यांच्याकडे असेल तर बाकीची कामं त्या वेळेत मोजू नकोस. हातात बाळ असताना दूध उतू गेलं तरी चालेल, लादी तशीच राहिली तरी चालेल, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. नाहीतर माणूस दोन्ही करायला जातं. बाळाला उताणंच झोपवायचं, जवळ उशी किंवा सैल पांघरूण नको. अंघोळीच्या टबात आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपराने तपासून मगच बाळ. साठ अंशाचं पाणी काही सेकंदांत भाजतं. बादली भरलेली ठेवायची नाही, चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. भाजलंच तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. आणि रडणं थांबेना, आपलाच जीव वैतागला, तर बाळाला पाळण्यात ठेवून दोन मिनिटं बाजूला उभं राहायची त्यांना मोकळीक दे. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. तुमचे दोघांचे आणि डॉक्टरांचे नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लाव.

त्यांच्या हक्काचं थोडक्यात लिहिते, कारण त्यात शिकवण्यासारखं काही नाही, द्यायचंच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला, तेव्हा मी वर्ग घेत होते. तो मी बायकांना मोठ्याने वाचून दाखवला होता. कामाच्या अटी समजेल अशा रीतीने, शक्यतो लेखी सांगायच्या. आठवड्यातून सलग चोवीस तास तरी सुट्टी. ओळखपत्र, कागदपत्रं ज्याची त्याच्याकडेच. त्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात किमान ७ कोटी ५६ लाख घरकामगार आहेत आणि चारातल्या तीन बायका आहेत. वर्गात मी सांगितला तो तेव्हाचा आकडा याहून लहान होता, तरी मागच्या बाकावरची एक म्हणाली, आपण एवढ्या आहोत? करार बांधतो तो मान्य केलेल्या देशांना, पण तुझ्या घरात पाळायला तुला कुणी अडवलेलं नाही. वहीतला तो कागद दोन प्रतींत कर, एक त्यांना दे, आणि वाचून दाखव. पगाराची तारीख चुकवू नकोस. आजारपणाचा खाडा कापू नकोस. उचल मागितली तर किती आणि कशी फेडायची ते दोघांनी लिहा, म्हणजे त्यांनाही मान खाली घालावी लागणार नाही. घरातली एखादी वस्तू दिसेनाशी झाली तर आधी तुझे खिसे, तुझी बॅग, पलंगामागची फट बघ. माझ्यावर एका अंगठीचा आळ दोन दिवस होता. ती त्या घरच्या साहेबांच्याच कोटाच्या खिशात निघाली, पण ते दोन दिवस मला कुणी परत दिले नाहीत.

पंधरा दिवसांनी पाच मिनिटं बसून त्यांना विचार की कामात काय अडतंय. पहिल्यांदा त्या म्हणतील, काही नाही. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा विचार. तिसऱ्या वेळी त्या सांगतील की मोरीतला नळ उंच आहे किंवा इस्त्री झटका देते. मग ते लगेच दुरुस्त कर, त्याच आठवड्यात.

बाथरूममधल्या त्या दोन बाटल्या, सूनबाई म्हणत होती एकाच खिडकीत आहेत, त्या आजच वेगळ्या कर. उद्या नको.

आणि एक तारखेला दार तू उघड. मी लागले त्या पहिल्या घरात मला आधीच्या बाईच्या नावाने हाक मारायचे, त्यांना सवय होती म्हणून. दोन वर्षं मी त्या नावाला ओ दिली. तू त्यांना विचार, तुमचं नाव काय, आम्ही काय म्हणून हाक मारू. आणि त्या सांगतील ते बाळालाही शिकव.

तुझी,
आई