मंगे, मी उभी राहू का?

27 नोव्हेंबर 2025

प्रिय मंगे,

राखी गेली, दिवाळी गेली, तुझे फोन येऊन गेले आणि मी 'करते, करते' म्हणत बसले. शिव्या नंतर दे, राखून ठेव. इकडे सगळे बरे. यांची साखर आहे तशी, अत्तम्माचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे आहेत तसे.

आता ऐक. इकडे तेलंगणात आमच्या गावचं सरपंचपद यंदा महिलेसाठी राखीव निघालंय आणि लोकांनी माझं नाव काढलंय. हसू नको. हसलीस ना? मला माहीत होतं.

परवा रात्री बोड्राईपाशी बैठक झाली. बोड्राई तू बघितलीयस, गावाच्या मध्यात पुरलेला तो देवाचा दगड, ज्याच्यावर तू पिशवी ठेवायला गेलीस आणि म्हातारा ओरडला होता. बैठकीत बाया तीन, गडी पन्नास, आणि विषय काय तर बाईचं पद! मोठे लोक म्हणाले, देवळाच्या कामाला अमुक इतके पैसे द्या, बाकीच्यांना आम्ही बसवतो, बिनविरोध करून टाकू. म्हणजे लिलावच की. इकडे बऱ्याच गावांत असंच चालतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मी म्हटलं, एवढे पैसे असते तर सोलापूरचे माग विकून आलो असतो का?

माझंच नाव का, तर संघमच्या, म्हणजे बचत गटाच्या, बायांमुळे. इथे धान खरेदीचं केंद्र याच बाया चालवतात आणि त्यात हिशोब माझ्याकडे. सध्या गावात पाय ठेवायला जागा नाही, निम्म्या डांबरी रस्त्यावर धान वाळत पडलंय, मोटारसायकलवाले उरलेल्या निम्म्यातून जातात. ओलावा सतरा टक्क्यांच्या वर गेला की आम्ही धान घेत नाही, वाळवून आणा म्हणतो. मागच्या हंगामात एका बड्या माणसाचा ट्रॅक्टर मी तसाच परत पाठवला. तेव्हापासून बाया मला मानतात आणि तो बडा माणूस माझ्याकडे बघून थुंकतो. आता त्याचीच सून उभी राहतेय.

पण मंगे, हरण्याची भीती नाही. जिंकले तर काय, हे डोक्यात फिरतंय. जुन्या सरपंचाचं बघ ना. गटार केलं, स्मशानाची शेड केली, सगळं उसनवारी करून, आणि बिलं अडकली. बायकोचं सोनं गहाण. 2024 च्या सुरुवातीला मुदत संपली, तेव्हापासून गावाला सरपंचच नाही, एक स्पेशल ऑफिसर आहे, तो कधी येतो ते बोड्राईलाच ठाऊक. वर 2018 चा कायदा असा, की लावलेल्या झाडांतली 85 टक्के जगली पाहिजेत, नाहीतर सरपंचाची खुर्ची जाऊ शकते. आणि झाडं खाणार शेळ्या! शेळ्यांनी सोडलेली माकडं. माकडांचं तर विचारूच नको. कौलं फोडतात, भाजीचा वाफा ठेवत नाहीत, परवा अत्तम्माच्या हातातली जोन्न रोट्टे, ज्वारीची भाकरी गं, ओढून नेली. ज्या घरी जावं तिथे पहिलं वाक्य, 'माकडांचं काय करणार?' रस्ता नको, नळ नको, माकडं घालवा.

आणि आमचे हे! मी अजून हो म्हटलेलं नाही आणि हे चहाच्या टपरीवर 'आपण सरपंच झालो की' म्हणून सुरू झालेत. आपण! शेजारच्या गावात मागच्या खेपेला बाई निवडून आली, तर फ्लेक्सवर नवऱ्याचा फोटो तिच्या दुप्पट. मी यांना सांगितलं, फ्लेक्स लागला तर माझा एकटीचा. तेव्हापासून जेवताना बोलत नाहीत. बरंच आहे, शांतता आहे.

माझ्या तेलुगूला अजून हसतात, 'सोलापूरम्मा' म्हणतात. आणि शाळेत तुम्ही मला तेलंगी म्हणायचात. आठवीतली मॉनिटरची निवडणूक आठव. मला सात मतं पडली होती. सोलापूरच्या पूर्वभागातल्या, आमच्या तेलुगू वस्तीतल्या, पोरीच सात होत्या. मग तुझं मत कुठे गेलं? तू आजवर शपथ घेऊन सांगतेस की मलाच दिलं. मी गणितात पक्की होते, विसरू नकोस.

हे मात्र तुलाच सांगते, यांनाही बोलले नाही. मला व्हायचंय. फार व्हायचंय. या बतुकम्माला, इकडच्या बायांच्या फुलांच्या सणाला, शेवटच्या रात्री आम्ही बाया तंगेडू-गुनुगूच्या फुलांचे थर डोक्यावर घेऊन तळ्यावर गेलो. तंगेडू म्हणजे आपला तरवड गं, तोच पिवळा. बांधावर मिट्ट काळोख, वाटेत बेल्ट शॉपवरून, म्हणजे चोरट्या दारूच्या दुकानावरून, उठलेले गडी लोळतायत, आणि पोरी मोबाईलच्या उजेडात पाण्यात उतरतायत. एक दिवा मागितला होता मी, पंचायतीच्या माणसाने सांगितलं, सही कोण करणार? तेव्हाच मनात आलं, मी करीन की सही. त्या दुकानाचंही मग बघता येईल. ते चोरून चालतं म्हणतात, पण गावातल्या प्रत्येक पोराला त्याचा पत्ता तोंडपाठ.

गंमत ऐक. पक्षाचं चिन्ह नसतं. अंगठी, कात्री, फुटबॉल असली चिन्हं, तीही नावाच्या तेलुगू अक्षरक्रमाने. म्हणजे माझ्या नशिबी कात्री आली तर हे म्हणणार, बरोबर दिलंय. मतदान 14 डिसेंबरला, दुपारी एकपर्यंत, आणि त्याच दिवशी मोजणी, म्हणजे संध्याकाळपर्यंत रडायचं की नाचायचं ते कळणार.

तुझ्या नातवाचा फोटो बघितला, नाक तुझ्यावर गेलंय बिचाऱ्याचं. दाढ काढलीस का? फ्लॅटचं लांबवू नको. आणि वहिनींशी अबोला संपव आता, दोघींचं वय काय!

रविवारपासून अर्ज घेणार आहेत. त्याआधी फोन कर, पण दुपारी दोननंतर. तेव्हा हे मागावर असतात आणि त्या खडखडाटात यांना काही ऐकू येत नाही. सरळ सांग, उभी राहू की नको. 'तुझं तू बघ' म्हणालीस तर पुन्हा पत्र लिहिणार नाही. आणि शेंगाची चटणी पाठव, इकडची मला अजून जमत नाही.

तुझी,
पद्मी