पितळी अंतरमापकांच्या प्रतिकृती : रविवारी उपवनला प्रत्यक्ष मोजणी

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता ठाण्यात उपवन तलावाच्या काठी जमायचे आहे. आपण बनवत असलेल्या स्टेडिया पट्ट्या (दूरच्या माणसाचे अंतर मोजायच्या पितळी पट्ट्या) तिथे पारखून घेऊ. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) अशा पट्ट्या वापरात होत्या. दोरी ताणून पट्टी डोळ्यापासून ठरावीक अंतरावर धरायची, दूरच्या सैनिकाची उंची सरकत्या खुणेत बसवायची आणि अंतर वाचायचे. एका कडेला पायदळाची मापे, दुसऱ्या कडेला घोडदळाची. इतकी साधी आणि इतकी सुंदर युक्ती!

सगळा हिशेब दोरीवर आहे. ती ६० सेंमी असेल, तर १७० सेंमी उंचीचा माणूस १०० मीटरवर १०.२ मिमी आणि २०० मीटरवर ५.१ मिमी भरतो. म्हणून नायलॉन नको, तो ताणला जातो. मेण लावलेला सुती दोरा आणा.

• पितळी पत्रा हवा असल्यास गुरुवारपर्यंत कळवा. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमधून सगळ्यांचा एकदम कापून घेऊ.
• प्रत्येक पट्टीच्या मागे ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि साल कोरणे सक्तीचे आहे. आपली वस्तू उद्या कोणी अस्सल म्हणून विकता कामा नये.
• कोणाकडे तीन प्रिझमचा जुना वेल्डन अंतरमापक असेल तर जरूर आणा. कृपया त्याला पॉलिश मात्र करू नका.

मोजपट्टी मी आणतो. पाऊस असल्यास पुढच्या रविवारी, त्याच वेळी.