प्रतिकारशक्तीच्या पेशींनाच कर्करोग होतो, तेव्हा

मा. संपादक,

‘प्रतिकारशक्ती वाढवा, कर्करोग टाळा’ अशा धर्तीचा मजकूर आरोग्य पुरवण्यांतून वरचेवर येतो. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) यांच्याबाबत तरी तो दिशाभूल करणारा आहे. हे आजार बहुतेकदा प्रतिकारशक्तीच्याच पेशींना होतात, आणि अनेकदा त्यांचे मूळ त्या पेशी घडण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत असते.

अस्थिमज्जेत घडणारी बी-पेशी, म्हणजे जंतूंना चिकटणारी अँटिबॉडी ही प्रथिने बनवणारी पांढरी पेशी, स्वतःचा डीएनए कापते. १४व्या गुणसूत्रावर अँटिबॉडीच्या जड साखळीसाठी (तिच्या मोठ्या भागासाठी) व्ही, डी आणि जे असे जनुकाच्या तुकड्यांचे तीन गट असतात. प्रत्येकातला एकेक तुकडा उचलून जोडला जातो. अँटिबॉडीच्या जनुकांची अशी फेरजुळणी होते हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवले. कापण्याचे काम रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने करतात. कुठे कापायचे ते तुकड्यालगतच्या खुणेवरून ठरते: डीएनएची सात अक्षरे, मग १२ किंवा २३ अक्षरांचे अंतर, मग नऊ अक्षरे. १२ची खूण २३च्याच खुणेशी जुळते. टोके सांधताना टीडीटी हे विकर (एन्झाइम) कशाचीही नक्कल न करता मध्ये अक्षरे घुसडते. वैविध्य वाढते खरे, पण जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचले जात असल्याने तीनातले सुमारे दोन सांधे वाया जातात. एवढी नासाडी शरीराला परवडते.

परवडत नाही ते भलत्याच गुणसूत्राशी सांधले जाणे. १४व्याचे कापलेले टोक १८व्यावरच्या बीसीएल-२ जनुकाला जोडले गेले, की मरायला हवी ती पेशी मरत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांत हाच बदल आढळतो. मात्र तो अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही तुरळक सापडतो. आजार होण्यासाठी पुढे आणखी बिघाड व्हावे लागतात. लसिकाग्रंथीत नंतर एआयडी हे दुसरे विकर कामाला लागते. ते अँटिबॉडीच्या जनुकात एरवीच्या सुमारे दहा लाख पट वेगाने बदल घडवते. बर्किट लिम्फोमात ८व्या गुणसूत्रावरचे, पेशींची वाढ चालवणारे मिक जनुक १४व्यावर जाते, त्यामागे बहुधा हेच विकर असते.

मग रॅगची ही कात्री बंदच का करू नये? रॅग निकामी असलेल्या बाळात बी आणि टी पेशी तयारच होत नाहीत. साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून पेशी कात्री ठेवते, पण तिच्यावर पहारा बसवते. डीएनएची प्रत काढायला घेण्यापूर्वी रॅग-२ नष्ट केले जाते, आणि तुटलेले टोक एटीएम हे प्रथिन हेरते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून खपवले जाणारे काढे-गोळ्या यातले नेमके काय वाढवतात, हे कुणी सांगत नाही.

मुलांच्या बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात सुमारे चौथ्या हिश्श्यात ईटीव्ही-६ आणि रंक्स-१ ही जनुके जोडली गेलेली असतात. ही जोडणी बहुधा जन्माआधीच, एखाद्या रक्तपेशीत झालेली असते. मुलाला काय खाऊ घातले याचा तिच्याशी संबंध नाही. पालकांचा अपराधगंड वाढवणाऱ्या लेखांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

बी-पेशींतल्या व्ही-डी-जे सांध्यांचा उपचारात उपयोगही होतो. रुग्णाच्या कर्कपेशींतला हा सांधा ओळखखूण मानून एमआरडी (उपचारानंतर उरलेल्या कर्कपेशी शोधणारी) चाचणी दहा हजारांत एक उरलेली पेशीही शोधू शकते. त्यासाठी सुईने ओढलेल्या मज्जेचा पहिलाच नमुना वापरावा लागतो. नंतर ओढलेल्या नमुन्यांत रक्त मिसळते, कर्कपेशी विरळ होतात आणि अहवाल खोटाच ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.

आपला,
पेशीजीवशास्त्राचा एक अभ्यासक